ओढाईच्या ट्रॅक्टरचा क्लच व गिअरबॉक्स : दुरुस्ती आणि बळकटी

नांदेड व लातूर जिल्ह्यांत ट्रॅक्टर आतां केवळ नांगरटीचा राहिला नाहीं. गळिताच्या हंगामांत तो मांजरा, विकास, भाऊराव चव्हाण इत्यादि सहकारी कारखान्यांकडे उंसाच्या ट्रॉल्या ओढतो, सोयाबीनचीं पोतीं लातूरच्या आडत बाजारांत नेतो, आणि टंचाईच्या वर्षीं पाण्याचा टँकरहि त्यालाच जोडला जातो. रस्त्यावरील या ओढाईचा ताण सर्वांत आधीं क्लच व गिअरबॉक्स यांना सोसावा लागतो. हीं दोन अंगें बिघडलीं म्हणजे ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो, खर्च मोठा येतो, आणि तोडलेला ऊंस फडांत वाळत पडतो. दुरुस्ती मिस्त्रीनेंच करावी हें खरें. परंतु तो काय करीत आहे व कां करीत आहे, हें मालकास समजलें पाहिजे. तेवढ्यासाठींच हा लेख.

अंगांची ओळख

इंजिन सतत फिरत असतें. चाकें मात्र कधीं थांबलेलीं, कधीं चालतीं असतात. या दोहोंची गांठ घालणारें व सोडविणारें अंग म्हणजे क्लच. इंजिनाचें फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्यें क्लच प्लेट स्प्रिंगांच्या जोरानें दाबून धरलेली असते. पेडल दाबलें म्हणजे रिलीज बेअरिंग पुढें सरकून हा दाब सोडवितें. पेडल सोडतांना प्लेट थोडा वेळ घसरते व मग घट्ट धरते. हें घसरणें जितकें लांबेल तितकी उष्णता अधिक.

गिअरबॉक्सचें काम वेग व ओढ यांची अदलाबदल करण्याचें आहे. लहान दांतेरी चाक मोठ्यास फिरवितें तेव्हां वेग घटतो आणि जवळजवळ त्याच प्रमाणांत ओढ वाढते. खालच्या गिअरमध्यें ट्रॅक्टर सावकाश चालतो, पण जोरानें ओढतो. वरच्या गिअरमध्यें याच्या उलट. शक्ति निर्माण करतें तें इंजिनच. गिअरबॉक्स तींत कांहीं भर घालीत नाहीं.

भाराचा हिशेब

बहुतेक बिघाडांचें मूळ या हिशेबांत आहे, म्हणून तो वाचकांनीं एकदां कागदावर करून पाहावा. ट्रॅक्टर, ट्रॉली व ऊंस मिळून १२ टन, म्हणजे १२,००० किलो वजन धरूं. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकें फिरविण्यास वजनाच्या सुमारें शेंकडा २ इतकी ओढ लागते, म्हणजे २४० किलो. आतां २० फुटांस १ फूट असा चढ लागला, तर वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे ६०० किलो, अधिक लागतो. एकूण ८४० किलो झाले. सपाटीच्या साडेतीनपट! ओल्या काळ्या रानांतून ट्रॉली बाहेर काढतांना शेंकडा १० धरले तरी १,२०० किलो होतात.

एक अश्वशक्ति म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदांत १ मीटर उचलण्याची शक्ति. त्या मानानें वरील चढ ताशीं ८ किलोमीटर वेगानें चढण्यास सुमारें २५ अश्वशक्ति पुरते. तोच चढ ताशीं १६ किलोमीटर वेगानें चढावयाचा तर ५० लागते. ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची सर्व शक्ति कधींच चाकांपर्यंत पोहोंचत नाहीं. म्हणून कंधार, मुखेड, अहमदपूर या बाजूच्या बालाघाटाच्या चढांवर वरचा गिअर ठेवून अर्ध्या क्लचवर गाडी रेटणारा चालक उरलेली ओढ क्लच प्लेटच्या अस्तरांतून वसूल करूं पाहतो. ती तेथून मिळत नाहीं. अस्तर मात्र जळतें.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेंत ओढाईच्या डिझेल गाड्यांना आपोआप गिअर बदलणारी पेटी सर्रास असते. जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ सालीं हायड्रा-मॅटिक नांवाची अशी पेटी मोटारींसाठीं बाजारांत आणली. आजच्या अशा पेट्यांत कोरड्या क्लचऐवजीं टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनानें फिरणारा एक पंखा तेलास ढकलतो, आणि त्या तेलाच्या जोरानें दुसरा पंखा फिरून पेटीस गति देतो. या योजनेचा पाया जर्मन इंजिनिअर हरमान फोटिंगर यानें १९०५ सालीं घातला. पुढें गिअर बदलण्याचें काम तेलांत बुडालेल्या पातळ चकत्यांचे क्लच करतात.

ही रचना आपल्याहून निराळी, पण तिचा शत्रु तोच. जड ओझें ओढतांना तेल तापतें, तापलेल्या तेलाचें वंगणपण जातें, आणि चकत्या जळतात. म्हणून तेथील कारागीर अशी पेटी नव्यानें बांधतांना उत्तम चकत्या व बळकट कन्व्हर्टर तर घालतातच, पण तेल थंड करणारा मोठा कूलरहि जोडतात. उष्णतेची वाट न लावतां केवळ भाग बदलले, तर नवे भागहि त्याच मार्गानें जातात. हाच धडा आपणांस घ्यावयाचा आहे.

एक अनुभव

महसूल खात्यांतील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मीं घरच्या शेतीकडे लक्ष घातलें. त्याच हंगामांत आमच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट जळाली. घाईच्या दिवसांत एका कारागिरानें केवळ प्लेट बदलून दिली, आणि मींहि घाईपोटीं कांहीं विचारलें नाहीं. तेराव्या दिवशीं, भरलेली ट्रॉली चढावर असतांना, तीहि जळाली. ऊंस चार दिवस वाळला, तोडणीची टोळी बसून राहिली, आणि मजुरीच्या दुप्पट खर्चासाठीं हातउसने पैसे काढावे लागले.

दुसरा मिस्त्री वयस्कर होता. त्यानें प्लेट हातांत घेऊन वास घेतला, बोटानें पुसून पाहिलें आणि म्हणाला, "साहेब, प्लेट मी आज बसवतो. पण हे तेल कुठून आलं ते न पाहता बसवली, तर पंधरा दिवसांनी पुन्हा भेटू." पाहतां इंजिनाच्या मागील बाजूचें ऑइल सील गळत होतें व तेल प्लेटवर येत होतें. शिवाय पेडलास मोकळी चाल मुळींच उरली नव्हती, आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्या माझ्या पुतण्यास पेडलावर पाय टेकवून ठेवण्याची संवय होती. तीनहि कारणें दूर केल्यावर ती प्लेट पुढील हंगामहि चालली. पहिल्या खेपेस मीं एक प्रश्न विचारला असता, तर दुसरा खर्च वांचला असता.

उघडण्यापूर्वीं परीक्षा

ट्रॅक्टर उघडण्याआधीं पुढील लक्षणें पाहावींत.

१. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, व जळका वास येतो : क्लच घसरत आहे.
२. पेडल पूर्ण दाबूनहि गिअर टाकतांना दांते खरखरतात : क्लच पुरता सुटत नाहीं. आधीं पेडलाची चाल तपासावी. पुष्कळदां काम तेवढ्यावरच भागतें.
३. पेडल दाबतांच आवाज सुरू होतो : रिलीज बेअरिंगचा संशय. न्यूट्रलमधील आवाज पेडल दाबल्यावर थांबतो : गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगचा संशय.
४. एकाच गिअरमध्यें आवाज येतो : त्या जोडीचे दांते झिजले. गिअर आपोआप निसटतो : दांते, फोर्क किंवा गिअर जागीं धरणारी स्प्रिंग झिजली.
५. तेल दुधाळ दिसतें : आंत पाणी शिरलें. तेलाच्या बुचावरील चुंबकास बारीक चिखलासारखी भुकटी असणें स्वाभाविक आहे. लोखंडाचे कपचे निघाले तर दांता तुटला असें समजावें.

उघडणें व जोडणें

ट्रॅक्टर सपाट, पक्क्या जमिनीवर उभा करावा. पुढील आंस मधल्या खिळीवर झुलतो, म्हणून त्याच्या दोहों बाजूंस लांकडी पाचरी ठोकल्याशिवाय ट्रॅक्टर दोन भागांत वेगळा करूं नये. इंजिनाचा भाग कलंडून माणूस दगावण्याचा धोका असतो. दोन्ही भागांस भक्कम घोड्यांचा आधार द्यावा. केवळ जॅकवर विसंबूं नये.

काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें स्वच्छ कापडावर मांडावा. पातळ शिमा कोणत्या बाजूच्या व किती, हें वहींत लिहून ठेवावें. भाग धुतल्यावर बेअरिंग हवेच्या झोतानें गरगर फिरवूं नये. तें कोरडें असतांना खराब होतें.

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहावा. निळे डाग वा बारीक तडे असतील तर लेथवर कितपत घांसतां येतो तें तपासावें. तडे खोल असतील तर तें बदलावें. तापलेल्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा वरून चांगल्या दिसल्या तरी त्यांचा जोर गेलेला असतो. नवी प्लेट बसवितांना प्रेशर प्लेटचीं सर्व बोटें एका उंचीवर आणावींत. रिलीज बेअरिंग व फ्लायव्हीलमधील लहान बेअरिंग हीं याच वेळीं बदलावींत, कारण त्यांच्यासाठीं पुन्हां ट्रॅक्टर उघडणें परवडत नाहीं. सर्व सीलें व पॅकिंगेंहि नवीं घालावींत.

गिअर शक्य तों जोडीनें बदलावे. झिजलेल्या दांत्यांवर नवा दांता ठेवला तर तो ओरडतो व लवकर झिजतो. क्राऊन आणि पिनियन तर नेहमीं संचानेंच घ्यावे. तेल कंपनीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच भरावें. पुष्कळ ट्रॅक्टरांत एकच तेल गिअर, हायड्रॉलिक व तेलांतील ब्रेक या सर्वांस लागतें, आणि चुकीच्या तेलानें तीनहि बिघडतात.

बळकटी किती व कोठें

सेरामेटॅलिक अस्तराची व अधिक दाबाची क्लच प्लेट कंपनीनें त्या मॉडेलसाठीं दिली असेल तर ओढाईस ती उपयोगी पडते. परंतु एक गोष्ट ध्यानांत धरावी. कमजोर क्लच घसरतो तेव्हां तो मागील गिअर व आंस यांस वांचवितो. घट्ट धरणारा क्लच घालून ओझें वाढविलें, तर तोच धक्का दांत्यांवर जातो, आणि प्लेटच्या जागीं क्राऊन-पिनियन तुटतो. इंजिनाचा पंप वाढवून घेणें किंवा मापाबाहेर मोठे टायर घालणें यांचा परिणामहि असाच होतो. मोठ्या टायरनें प्रत्येक गिअर जणूं एक पायरी वर जातो.

खरी बळकटी चार गोष्टींत आहे : नोंदलेल्या वजनाइतकेंच ओझें, चढ सुरू होण्यापूर्वींच खालचा गिअर, पेडलावरून पाय दूर, आणि ट्रॉलीस चालू स्थितींतील ब्रेक. उतारावर डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रल करणारा चालक इंजिनाचा अडसर गमावतो, आणि मागची ट्रॉली त्यास ढकलूं लागते. तेथें बिघडलेल्या यंत्राची किंमत चालकाच्या जिवानें मोजावी लागते.

शेवटीं एक सूचना. सात-बारावर फेरफार वेळच्या वेळीं न नोंदविल्यास काय घोळ होतो, हें मीं नोकरींत पुष्कळ पाहिलें आहे. ट्रॅक्टरचीहि एक वही ठेवावी. किती तास चालला, तेल केव्हां बदललें, कोणता भाग कोणत्या तारखेस कोणत्या कारणानें गेला, हें तींत लिहावें. कारणाचा रकाना कधींहि कोरा सोडूं नये. मिस्त्रीनें भाग बदलला पण कारण सांगितलें नाहीं, तर काम अर्धेंच झालें असें समजावें व पैसे देण्यापूर्वीं तें विचारून घ्यावें.