‘तो असा का झाला?’ या प्रश्नाच्या पुढे

पालकहो, आज एका अवघड विषयावर बोलायचं आहे. आपली आठवी-नववीतली मुलं, त्यातही मुली, रात्री कानात हेडफोन घालून खुनांच्या खऱ्या गोष्टी ऐकत असतात. टेड बंडी, जेफ्री डामर, रमन राघव ही नावं त्यांना पाठ असतात. मग एखादी आई धास्तावून विचारते, “हिच्या डोक्यात काही भलतंसलतं तर शिरत नाहीये ना?”

बहुतेक वेळा तसं काही नसतं. भीती वाटते त्या गोष्टीची माहिती करून घ्यावी, ही माणसाची जुनीच ओढ आहे. 2010 साली अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त ओढून घेतात, आणि मारेकऱ्याच्या तावडीतून एखादी बाई कशी सुटली हे ज्यात असेल ते पुस्तक त्या विशेष करून निवडतात, असं त्यांना आढळलं. तुमची लेक बहुधा स्वतःला कसं वाचवायचं याचाच विचार करत असते. तेव्हा फोन हिसकावून घेऊ नका. तिच्याशी बोला.

दुसरी भीती त्याहून वाईट, कारण तिच्यापायी आपण आपल्याच लेकराकडे संशयानं बघू लागतो. अंथरूण ओलं करणं, आगीशी खेळणं, प्राण्यांना छळणं ही भावी खुन्याची तीन लक्षणं, असं अनेक मालिका ठासून सांगतात. याचं मूळ जॉन मॅकडोनाल्ड या मानसोपचारतज्ज्ञाच्या 1963 सालच्या एका लेखात आहे. तो लेख त्यांच्याकडे आलेल्या, ठार मारण्याच्या धमक्या दिलेल्या रुग्णांबद्दल होता. पुढच्या संशोधनात या त्रिकुटाला भक्कम आधार मिळाला नाही. अंथरूण ओलं करणारं मूल हे फक्त अंथरूण ओलं करणारं मूल असतं. मुक्या जनावराला मुद्दाम इजा करणाऱ्या मुलाला मात्र मदत लागते, आणि ती वेळेवर द्यायला हवी. पण त्याच्या कपाळावर शिक्का मारू नका.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या मालिका पाहून मुलं एकच प्रश्न विचारायला शिकतात: तो असा का झाला? त्याचं बालपण, त्याची आई, त्याचं डोकं. मारली गेली ती माणसं नुसती संख्या होऊन उरतात.

डामरचंच बघा. 27 मे 1991 च्या पहाटे, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, चौदा वर्षांचा एक मुलगा गुंगीत, उघड्या अंगानं, रक्ताळलेला रस्त्यावर सापडला. तिथल्या कृष्णवर्णीय मुलींनी पोलिसांना बोलावलं, जीव तोडून सांगितलं. पोलिसांनी त्यांचं ऐकलं नाही, गोऱ्या डामरचं ऐकलं आणि त्या पोराला डामरच्याच घरात परत नेऊन सोडलं. तिथेच त्याचा खून झाला. त्या मुलींपैकी एकीची आई, ग्लेंडा क्लीव्हलंड, या बाई त्यानंतरही पोलिसांना फोन करत राहिल्या. जुलैमध्ये डामर पकडला जाईपर्यंत आणखी चारजण गेले. डामरचं नाव मुलांना पाठ आहे. ग्लेंडाबाईंचं किती जणांना माहीत असेल? त्या पहाटे पोलिसांना हुलकावणी द्यायला डामरला कुठलीही अफाट बुद्धी लागली नाही. ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती त्यांचं कुणी ऐकलं नाही, एवढं त्याला पुरलं.

आपल्या मुंबईतला रमन राघवही असाच. साठच्या दशकात त्यानं जीव घेतले ते फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांचे. ऑगस्ट 1968 मध्ये तो पकडला गेला. त्याला फाशी सुनावली गेली. पुढे तो बरा न होणाऱ्या मानसिक आजारानं ग्रस्त असल्याचं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं आणि ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. 1995 साली तो पुण्यात ससून रुग्णालयात वारला. त्याच्यावर सिनेमे निघाले. कडी लावायला दारच नसलेल्या त्या माणसांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत. हेही मुलांना सांगा, आणि त्यासोबत हेही सांगा की मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. नाहीतर शेजारच्या आजारी काकांकडे मुलं भीतीनं बघायला लागतील.

एखादा भाग मुलांबरोबर बसून पाहा. उपदेश नको, विचारा: यात मारली गेलेली मुलगी कोण होती, तिला काय आवडायचं, हे आपल्याला सांगितलं का? आधी कुणी तक्रार केली होती का? त्या तक्रारीचं काय झालं? आपल्या गल्लीत असं कुणी सांगितलं असतं, तर आपण ऐकलं असतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाही द्यावं लागेल, तयारीनं बसा.

मूल रात्र रात्र झोपत नसेल, घुमं झालं असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं बोलत असेल, तर मात्र थांबू नका. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत मिळते. फोन करा.