न्हाणीघरातील दगडी फरशी : आधी खालचे काम, मग चकाकी

फरशीकामाच्या धंद्यात सिरॅमिक टाइल्स बसविणारे कारागीर पुष्कळ आहेत. पण संगमरवर, ग्रॅनाइट किंवा कोटा न्हाणीघरात नीट बसवायचा तर वेगळे ज्ञान लागते. या कामाची मजुरी चांगली मिळते, तशी जोखीमही मोठी असते. हॉलमधील लादी वाकडी बसली तर ती नुसती डोळ्यांना खुपते. न्हाणीघरातील लादीखालून पाणी झिरपले तर खालच्या मजल्याचे छत ओले होते, शेजाऱ्यांत भांडण लागते, कारागिराचे पैसे अडकतात आणि महागडा दगड फोडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. म्हणून हे काम क्रमाने कसे करावे व त्याचे दर कसे द्यावेत, ते पाहू.

१. दगड ओळखावा

मकराण्याचा संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. ॲसिड लागताच त्यांची चकाकी जाते. ग्रॅनाइट वेगळ्या खनिजांचा असल्यामुळे पुष्कळ टिकतो. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटांनी पुसावेत. डाग दिसला तर तो दगड ॲसिडला टिकणार नाही. दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवावा. तेथे रंग गडद झाला तर दगड पाणी पितो असे समजावे. ही परीक्षा गिऱ्हाइकासमोरच करावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

जमिनीसाठी आरशासारखे पॉलिश टाळावे, ओल्या पायाने माणूस घसरतो. वृद्ध माणसे असलेल्या घरात तर खरबरीत दगडच सुचवावा. हिरव्या मार्बलचे काही प्रकार ओल्या मालावर वाकतात; त्यांच्यासाठी इपॉक्सीचा चिकट माल वापरावा.

२. मोजमाप व वजन

समजा, न्हाणीघर 7 फूट बाय 5 फूट आहे. जमीन 35 चौरस फूट झाली. भिंतींचा घेर 24 फूट. 7 फूट उंचीपर्यंत दगड लावायचा तर 168 चौरस फूट. अडीच फुटी दरवाजाचे साडेसतरा वजा केले की दीडशे उरतात. एकूण 185 आणि कापाकापीचे 10 टक्के धरून सुमारे 204 चौरस फूट दगड मागवावा. नैसर्गिक दगडाचा रंग प्रत्येक खेपेला बदलतो, म्हणून सर्व माल एकाच वेळी घ्यावा.

20 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला सुमारे 5 किलो भरतो. म्हणजे या भिंतींवर सुमारे 750 किलो वजन येणार. जुन्या गिलाव्यावर हा भार टाकू नये. सुटलेला गिलावा आणि रंग काढून भिंत टोचून घ्यावी. मोठ्या लाद्यांना स्टेनलेस स्टीलच्या पिनांचा आधार द्यावा.

३. पाणी अडविणे आणि ढाळ

दगड व त्याचे सांधे पाणी थांबवीत नाहीत. पाणी थांबविते ते खालचे वॉटरप्रूफिंग. पाइपभोवतीच्या फटी व नहाणी ट्रॅपची कड आधी बुजवावी. जमीन व भिंत मिळते तेथे सिमेंटची गोलाई द्यावी. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर निदान एक फूट वर न्यावा. शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत न्यावा. मग ट्रॅपचे तोंड बंद करून 48 तास पाणी साठवावे आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहावे. ही परीक्षा झाल्याशिवाय एकही लादी बसवू नये.

ढाळ ट्रॅपकडे पाच फुटाला पाऊण इंच असावा. तो लादीखालच्या थरातच काढावा. लादी बसविताना माल कमी-जास्त करून काढलेला ढाळ फसवा असतो. न्हाणीघराची जमीन खोलीपेक्षा खाली आणि दारात दगडी उंबरा ठेवावा.

४. लादी बसविणे

प्रथम लाद्या कोरड्याच मांडून रंग व रेषा जुळवाव्यात. कोटा, शहाबादीची जाडी सारखी नसते, म्हणून जाड-पातळ लाद्या वेगळ्या कराव्यात. पाठीवरची धूळ धुवून घ्यावी. पांढऱ्या संगमरवराखाली करडा सिमेंट वापरला तर काळपट झाक वर येते. तेथे पांढरा माल वापरावा. चिकट माल घेताना पिशवीवर आय.एस. 15477 हे मानक आहे का ते पाहावे. ते 2004 साली आले व 2019 साली सुधारले गेले.

भिंतीच्या लादीला पाच ठिकाणी मालाचे गोळे लावून ती चिकटविण्याची सवय सोडावी. मधल्या पोकळीत पाणी साठते आणि लादी सुटते. माल पूर्ण पाठीवर पसरावा व बसविल्यावर ठोकून आवाज ऐकावा. सांधा दोन मिलिमीटर तरी ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी भरावा. दगड पूर्ण वाळल्यावरच सीलर लावावा, नाहीतर आतली ओल कोंडून डाग पडतात.

ग्रॅनाइट कापताना पाणी सोडावे व तोंडाला चांगला मास्क लावावा. त्याच्या कोरड्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठून बरा न होणारा आजार होतो. पाण्यात चालणाऱ्या मशीनला अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच.

५. दर देण्याची पद्धत

पुष्कळ कारागीर लादीचा चौरस फुटाचा एकच दर सांगतात. मग गिऱ्हाइकाने घासाघीस केली की कपात होते ती वॉटरप्रूफिंगमध्ये, कारण ते झाकले जाणार असते. यासाठी दरपत्रकात तोडफोड, वॉटरप्रूफिंग, पाण्याची परीक्षा, लादी बसविणे, सांधे व सीलर या बाबी स्वतंत्र लिहाव्यात. दर कमी करायचाच झाला तर स्वस्त दगड सुचवावा, खालच्या कामाला हात लावू नये. साठविलेल्या पाण्याचा फोटो तारखेसह गिऱ्हाइकाला द्यावा.

काम सोपविताना एक सूचना लेखी द्यावी : संगमरवर किंवा कोट्यावर ॲसिड, फिनेल-ॲसिडचे मिश्रण वा व्हिनेगर वापरू नये, साधा सौम्य साबण व पाणी पुरेसे आहे. एवढी एक ओळ न दिल्यामुळे चांगले काम महिन्याभरात पांढरट पडते आणि दोष मात्र कारागिराच्या माथी येतो.