मुलगा केस वाढवतोय? तरी कात्री लागतेच



हल्ली मासिक सभेत हप्त्यांचा हिशोब संपला की एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे पोरांचे केस. कॉलेजला जाणारा मुलगा केस वाढवतोय, वडील चिडलेत आणि आई मध्ये सापडलीय. एका गावात काकू सांगत होत्या, तीन आठवडे झाले, बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत, जेवायलासुद्धा वेगवेगळे बसतात. दुसरीकडे पार्लरचं प्रशिक्षण घेतलेल्या आपल्या ताई विचारतात, लग्नसराई संपली की गिऱ्हाईक आणायचं कुठून? दोन्ही प्रश्न एकाच कामाने बरेचसे सुटू शकतात, म्हणून या अंकाचा पाठ पुरुषांच्या नागमोडी केसांचा.

नागमोडी म्हणजे ना सरळ, ना पूर्ण कुरळे. ओले असले की सरळ दिसतात आणि वाळले की लाट उठते. आपल्याकडे असे केस पुष्कळ मुलांचे असतात, पण बारीक कापलेले असतात तोवर कुणाला कळत नाही. धोनीने २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हा त्याचे केस मानेवर आलेले होते. ते पाहून तेव्हाच्या पोरांनीही केस वाढवले. धोनीचे खाली सरळ पडायचे, यांचे मात्र दोन्ही कानांवर फुगायचे. महिन्या-दोन महिन्यांत कंटाळून पोरं सलूनमध्ये जाऊन बसायची.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. म्हणजे बारीक केसांपासून खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं सहज जातात. ‘कापलं की जोमानं वाढतात’ असं आपण म्हणतो, पण वाढ मुळापासून होते, शेंड्याला कात्री लावल्याने तिचा वेग बदलत नाही. मग कापायचं कशाला? एक तर शेंड्यांना फाटे फुटतात, गुंता होतो आणि केस मधेच तुटतात. दुसरं कारण आकाराचं. मानेवरचे केस कॉलरला लगेच टेकतात, पण टाळूवरच्या केसांना तिथपर्यंत यायला सगळं डोकं ओलांडावं लागतं. त्यामुळे पहिले पाच-सहा महिने मागून शेपटी आणि वरून टोपी असं ध्यान दिसतं. घरातली भांडणं होतात ती याच काळात.

या काळात वरच्या केसांना हात लावू नका. फक्त मानेवरची ओळ कंगव्यावर धरून कात्रीने सरळ करा, कल्ले नीट करा आणि कानावर येणारी कड बोटभर मोकळी करा. बाजूला मशीन फिरवायची नाही. एकदा मशीन फिरली की त्या बाजूचे सहा महिने वाया गेले. मान आणि कल्ले स्वच्छ असले की माणूस व्यवस्थित दिसतो आणि वडिलांचा अर्धा राग तिथेच उतरतो. त्या काकूंना मी हेच सुचवलं आहे.

केस हनुवटीपर्यंत आले की खरं काम सुरू होतं. सगळे एका लांबीचे ठेवले तर वर चपटे आणि खाली पसरट होतात, अगदी भाताच्या उडवीसारखे. त्यासाठी लेअर द्यायचे, म्हणजे वरचे केस खालच्यापेक्षा थोडे आखूड ठेवायचे. पण थोडेच. आपण बायकांना स्टेप कट देतो तितक्या पायऱ्या इथे नकोत.

आता पार्लरच्या सवयीविरुद्धची गोष्ट. आपण केस ओले करून, कंगव्याने ताणून कापायला शिकलो. नागमोडी केसांना ते चालत नाही. ओला केस लांब होतो आणि वाळला की वर चढतो. ओल्यात एक इंच कापलंत तर वाळल्यावर दीड-दोन इंच गेल्यासारखं दिसतं, आणि गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून मुलाला केस धुऊन, न विंचरता वाळवून यायला सांगा. लाट कुठे वळते ते आधी बघा. एकेक बट हातात घ्या, ओढू नका आणि कात्री उभी धरून शेंडा थोडा-थोडा टिपा. मागची सरळ ओळ तेवढी ओल्यात कापली तरी हरकत नाही. दाट केस दिसले की थिनिंगची कात्री घ्यायचा मोह होतो. तो आवरा. आत राहिलेले आखूड केस वरच्या लांब केसांना बाहेर ढकलतात आणि डोकं आणखी फुगतं.

कात्री हातात घेण्याआधी विचारा: किती वाढवायचे? रोज हेल्मेट घालतो का? पोलीस भरतीची तयारी चालू आहे का? निवड झाली तर प्रशिक्षणात केस बारीकच ठेवावे लागतात, मग दोन वर्षांचा खटाटोप कशाला? आणि किती कापणार ते बोटावर दाखवा. ‘थोडेसे’ म्हणजे त्याचं अर्धं बोट आणि आपलं दोन बोटं असं होतं.

घरी काय करायचं तेही त्याला सांगायचं. धुण्याआधी खोबरेल तेल लावावं, त्याने धुताना केसांतलं प्रथिन कमी जातं. शाम्पू आठवड्यातून दोनदा आणि तो टाळूला, शेंड्यांना नाही. मोठ्या दातांचा कंगवा फक्त ओल्या केसांत आणि खालून वर सोडवत न्यायचा. वाळल्यावर विंचरलं की लाट मोडते, केस पिंजलेल्या कापसासारखे होतात. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपावं.

बाजारातली महाग जेल घ्यायची गरज नाही. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच ओढणीतून गाळा, गार झाल्यावर गाळता येत नाही. ओल्या केसांना लावून मुठीत धरून वरच्या दिशेने दाबायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. फ्रीज नसेल तर दोन दिवसांपुरतीच करा, नंतर वास येतो. (ही बाटलीत भरून विकू का, असं कुणीतरी विचारणारच! विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. पार्लरमध्ये ताजी करून वापरा.)

केस बांधायचे तर कापडी बँडने, सैल. भाजीच्या पिशवीचं रबर घट्ट बसतं, रोज ताण पडून कपाळाकडचे केस विरळ होतात.

स्वच्छतेत तडजोड नाही. मानेवर ब्लेड लावायचं तर प्रत्येकाला नवं. ब्लेडवरच्या रक्तातून कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतो. कंगवा साबणाने धुवा, कात्री स्पिरिटने पुसा.

‘बाईने पुरुषाचे केस कापायचे?’ असं कुणी विचारलं तर गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांचं नाव सांगा. १९८४ मध्ये नवरा गेला, पदरात मुली. त्यांनी नवऱ्याचा वस्तरा उचलला आणि दाढी-कटिंग करून मुली वाढवल्या.

तरी माझं एक मत आहे. गावातल्या सलूनवाल्या दादांच्या पोटावर पाय देऊन हे काम करू नये. मशीन कट आणि दाढी त्यांच्याकडेच राहू द्या. लांब केसांना लागणारा वेळ त्यांच्याकडे बहुतेकदा नसतो, ते गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवतील. काही ठिकाणी सलूनवाल्यांच्या घरची ताई आपल्याच गटात आहे. पहिला हक्क तिचा, तिला प्रशिक्षणाला आधी पाठवा.

हिशोब करून बघा. केस वाढवणारा मुलगा अडीच महिन्यांनी एकदा आला तरी दोन वर्षांत नऊ-दहा फेऱ्या होतात. एका फेरीचे समजा १०० रुपये धरले, तर एका मुलामागे नऊशे-हजार. अशी पंधरा मुलं जोडली तर दोन वर्षांत १५ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सहाशे-सव्वासहाशे. यावर घर चालत नाही, पण अंतर्गत कर्जाच्या हप्त्याला हातभार लागतो, आणि तोही लग्नसराई नसताना. पार्लरच्या वहीत प्रत्येक मुलाला एक पान द्या: तारीख, कुठून किती कापलं, पुढच्या वेळी काय करायचं. दोन-तीन महिन्यांनी तो दारात उभा राहील तेव्हा तुम्हाला आठवणार नाही, वहीत मात्र असेल.