पंचातले पाच आणि रमची बारशी

प्रश्न : गोव्यात एका लग्नाला गेलो होतो. बारच्या कार्डावर रम पंच, मोहितो, डायकिरी, माय ताय अशी नावं होती. आत काय असतं ते वाचलं, तर जवळपास सगळीकडे रम, लिंबू आणि साखरच! भाचा म्हणाला, ‘मामा, पंच म्हणजे आपले पाच. हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलंय.’ खरं आहे का हे? आणि एकाच मिश्रणाची इतकी बारशी कशाला?

उत्तर : भाच्याला दहापैकी सात गुण द्यायला हरकत नाही. सात कशाचे आणि तीन कुठे कापले, ते क्रमाने पाहू.

आधी शब्द. ‘पंच’ हे पेय इंग्रजी कागदपत्रांत पहिल्यांदा भेटतं ते १६३२ मध्ये, हिंदुस्थानातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात. पुढे १६७० च्या दशकात कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर आपल्या किनाऱ्यावर हिंडला. त्याने नोंदवून ठेवलंय, की नेरूळची अराक सर्वांत चांगली, तिच्यापासून इंग्रज लोक ‘पाँच’ करतात, आणि पाच जिनसा म्हणून ते नाव. हे नेरूळ गोव्याकडचं, नवी मुंबईतलं नव्हे. पाच जिनसा म्हणजे दारू, लिंबू, साखर, पाणी आणि जायफळासारखा एखादा मसाला. ‘पंचन’ नावाच्या पिंपावरून हा शब्द आला, असं मानणारेही काही अभ्यासक आहेत. पण फ्रायरची साक्ष भाच्याच्या बाजूने आहे. फक्त हे ‘पाच’ मराठीच, असा हट्ट धरू नये. फ्रायरने त्याला हिंदुस्तानी शब्द म्हटलंय.

आता कापलेले तीन गुण. त्या मूळ पंचात रम नव्हती. अराक म्हणजे माडीपासून गाळलेली दारू, आजच्या माडाच्या फेणीच्या गोत्रातली. रमचं घर दुसरीकडे, कॅरिबियन बेटांवर. सतराव्या शतकाच्या मध्याला बार्बाडोसमध्ये आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून उसाची शेती करून घेत. साखर काढल्यावर मळी उरायची. मळी म्हणजे काय, हे साखर कारखान्याजवळून एकदाही गेलेल्याला सांगायला नको. ती आंबवून भट्टीवर चढवली, की रम. ती स्वस्त आणि मुबलक असल्यामुळे तिकडच्या पंचात अराकच्या पाटावर रम बसली. बाकीचा बेत तोच राहिला.

मग लिंबू-साखर सगळीकडे का? कारण ती शेजारीच पिकत होती. ऊस आणि लिंबूवर्गीय फळं दोन्ही मूळची आशियातली; कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीबरोबर ती कॅरिबियनला पोहोचली. नवी रम चवीला जहाल असते. आंबटाने तिचा उग्रपणा झाकला जातो आणि गोडाने आंबटाची धार बोथट होते. आपल्या लिंबू-सरबतामागचं शहाणपण हेच.

इथे एक गैरसमज काढून टाकू. रमची लिंबाशी गाठ औषध म्हणून पडली, असं पुष्कळांना वाटतं. ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये खलाशांच्या रोजच्या रममध्ये पाणी घालायचा हुकूम काढला. ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा झगा घालतो म्हणून त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत, तेच नाव या पातळ रमला चिकटलं. त्याच हुकमात खलाशांना स्वतःच्या पैशाने साखर आणि लिंबू घालून घ्यायची मुभा होती. लिंबूवर्गीय फळांनी स्कर्व्ही बरा होतो, हे दाखवणारा जेम्स लिंडचा प्रयोग झाला १७४७ मध्ये, आणि आरमारात लिंबाचा रस रीतसर मिळू लागला १७९५ पासून. म्हणजे आधी चव, औषध मागाहून.

आता बारशी. डायकिरी हे क्युबातल्या सांतियागो शहराजवळच्या एका गावाचं नाव. तिथल्या लोखंडाच्या खाणीत काम करणाऱ्या जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन इंजिनिअरने १८९८ च्या सुमारास हे पेय केलं, असं सांगतात. पण क्युबाचे स्वातंत्र्यसैनिक त्याच्या कितीतरी आधीपासून उसाची दारू, मध आणि लिंबू यांचं ‘कांचांचारा’ पीत होते. तेव्हा कॉक्सच्या पदरात मुख्यतः नाव ठेवण्याचं श्रेय घालावं. रम पांढरी का, याचं उत्तरही त्याच परिसरात मिळतं. सांतियागोत १८६२ मध्ये फाकुंदो बाकार्डी यांनी कारखाना काढला आणि कोळशातून गाळून हलकी, स्वच्छ रम करायला सुरुवात केली.

रम-कोलाच्या ‘क्युबा लिब्रे’ या नावाचा अर्थ स्वतंत्र क्युबा. स्पेनविरुद्धच्या लढ्यातली ही घोषणा. १८९८ च्या लढाईतच अमेरिकन सैनिकांनी रममध्ये कोला ओतून ही आरोळी ठोकली, अशी कथा आहे. ती ऐकायला झकास आहे, पण कोका-कोला क्युबात पोहोचली १९०० च्या सुमारास. त्यामुळे आरोळी झाली असेल तर लढाई संपल्यावर. आपल्याकडे ओल्ड मंकमध्ये थम्सअप घालून वर लिंबू पिळणारा माणूस, नकळत का होईना, याच घोषणेत सूर मिसळत असतो.

मोहितोचा पणजोबा म्हणून सोळाव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याला पुढे केलं जातं. तो १५८६ मध्ये हवानाच्या आसपास होता, हे खरं. पण रमचा जन्मच व्हायचा होता, मग त्याने रमचा मोहितो प्यावा कसा? या नावाची कृती छापलेली दिसते ती १९३० च्या दशकातल्या हवानाच्या बारमधल्या पुस्तिकांत. तेही साहजिकच. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती आणि तहानलेले अमेरिकन पर्यटक बोटी भरभरून हवानाला येत होते.

आणखी दोन झटपट. माय ताय हवाई बेटांवरचं समजतात. ते व्हिक्टर बर्जरॉन ऊर्फ ‘ट्रेडर व्हिक’ याने १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला केलं, असा त्याचा दावा होता. नाव मात्र ताहितीच्या भाषेतलं, अर्थ ‘छान’. पिन्या कोलाडा म्हणजे शब्दशः ‘गाळलेला अननस’. पोर्तो रिकोतल्या सान हुआनमधलं एक हॉटेल त्याचं साल १९५४ सांगतं, तर त्याच शहरातलं एक रेस्टॉरंट १९६३. लिंबाऐवजी तिथे अननस आणि नारळाचं घट्ट, गोड दूध असतं. म्हणजे आंबट-गोडाची जोडी इथेही सुटलेली नाही.

थोडक्यात, मिश्रण घडवलं ते ऊस, लिंबू आणि बंदरं यांनी; नावं दिली ती गावांनी, लढायांनी आणि हॉटेलांनी. पुढच्या लग्नात मोहितो समोर आला, तर बोटांवर मोजा : रम, लिंबू, साखर, सोडा, पुदिना. पाण्याच्या जागी सोडा आला, जायफळाच्या जागी पुदिना, अराकच्या जागी रम. पण पाच ते पाचच. त्याबद्दल भाच्याला आणखी एक गुण वाढवून द्या. डायकिरीत मात्र बोटं तीनवरच थांबतात. तो पेला त्याच्यासमोर शेवटी ठेवा.