ऐकणारें अंतःकरण
(शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय ३ व १२)

विद्यार्थी मित्रहो, शालान्त परीक्षा संपली म्हणजे पुढें कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न तुमच्यापुढें व तुमच्या आईबापांपुढें उभा राहतो. मग नोकरी, विवाह, घरसंसार असे प्रश्न एकामागून एक येतच राहतात. अशा वेळीं देवाची इच्छा कशी ओळखावी, असें पुष्कळ जण विचारतात. शास्त्र उघडून बोट ठेवावें आणि तेथें अमुक कॉलेजाचें नांव निघावें, असें कधीं होत नाहीं. परंतु निर्णय कसा करावा व तो कोठें बिघडतो, हें शास्त्र फार स्पष्टपणें शिकवितें. हा धडा एका बापलेकांच्या चरित्रांत आहे.

शलमोन नुकताच राजा झाला होता. गिबोन येथें स्वप्नांत देवानें त्याला हवें तें मागावयास सांगितलें. त्यानें दीर्घायुष्य मागितलें नाहीं, संपत्ति मागितली नाहीं, शत्रूंचा नाशही मागितला नाहीं. लोकांचा न्याय करतां यावा म्हणून त्यानें विवेकी मन मागितलें. मूळ इब्री शब्दांचा सरळ अर्थ "ऐकणारें अंतःकरण" असा आहे. शहाणपणाचा आरंभ ऐकण्यांत आहे, हें त्या तरुण राजानें ओळखलें होतें.

आतां मुलाकडे पाहूं. रहबाम गादीवर आला तेव्हां तो कांहीं पोर नव्हता. त्याचें वय ४१ वर्षांचें होतें. शलमोनाच्या राज्यांत लोक वेठीनें गांजले होते. तें जूं हलकें करावें, एवढीच विनंति घेऊन ते शखेम येथें जमले. रहबामानें तीन दिवसांची मुदत मागितली. त्यानें उतावळेपणा केला नाहीं. प्रथम वडील मंडळींस विचारलें. त्यांनीं लोकांचा सेवक होण्याचा व गोड बोलण्याचा सल्ला दिला. नंतर बरोबरीच्या मित्रांस विचारलें. त्यांनीं जूं अधिक जड करावयास व धाक दाखवावयास सांगितलें. राजानें मित्रांचें ऐकलें. परिणाम असा झाला कीं दहा वंश फुटून निघाले, राज्याचीं दोन शकलें झालीं, आणि राजाला रथांत बसून यरुशलेमेस पळ काढावा लागला.

मग चूक कोठें झाली? त्यानें वेळ घेतला होता, सल्लाही घेतला होता. पण आठवें वचन लक्षपूर्वक वाचा. वडील मंडळींचा सल्ला त्यानें आधीं टाकून दिला आणि मग तो मित्रांकडे गेला. मनांत जें ठरलें होतें त्याला होकार देणारा कोणीतरी त्याला हवा होता. शिवाय त्या तीन दिवसांत त्यानें देवास विचारल्याचा कोठेंही उल्लेख नाहीं. बापानें ऐकणारें अंतःकरण मागितलें. लेकाला तें नकोसें झालें.

आपलेंही पुष्कळदां असेंच होतें. आपण दहा जणांस विचारतों आणि ज्याचें बोलणें आवडेल त्यालाच शहाणा म्हणतों. कधीं कधीं आपली प्रार्थनाही, आधींच लिहून ठेवलेल्या कागदावर देवाची सही घेण्यासाठीं असते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली : ठरविण्यापूर्वीं प्रार्थना करावी. ज्याला ज्ञान उणें आहे त्यानें तें देवाजवळ मागावें, असें याकोब सांगतो (१:५).

दुसरी : जो आपल्याला "नको" म्हणूं शकेल अशाचा सल्ला घ्यावा. केवळ पिकल्या केसांमुळें सल्ला खरा ठरत नाहीं व तारुण्यामुळें खोटा ठरत नाहीं. वरून येणारें ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य व दयापूर्ण असतें (याकोब ३:१७). ही त्याची कसोटी.

तिसरी : बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असें प्रभु येशूनें शिकविलें (लूक १४:२८). शिक्षणासाठीं कर्ज काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें हा दाखला वाचावा.

चौथी : ज्याच्या मानेवर जूं येणार, त्याचें ऐकावें. पालकहो, ही गोष्ट विशेषतः आपल्यासाठीं आहे. शेजाऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला म्हणून आपल्या मुलानेंही व्हावें, असें ठरविण्यापूर्वीं त्या मुलास जवळ बसवून त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि मुलांनो, तुमच्या शिक्षणाच्या खर्चाचें ओझें ज्यांच्या मानेवर आहे, त्यांचें तुम्हीही ऐका.

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरण पाहा. १८९६ सालीं त्या वेळच्या मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई तेव्हां पुण्यास शारदासदन चालवीत होत्या. पूर्वींच्या एका दुष्काळांत आईबाप गमावल्यामुळें भूक म्हणजे काय, हें त्यांस ठाऊक होतें. दुष्काळाची हाक ऐकून त्या प्रार्थना करूनच थांबल्या नाहींत. स्वतः तेथें गेल्या, अनाथ मुलींची दशा डोळ्यांनीं पाहिली, आणि शेकडो मुलींस आसरा दिला. सदनास उत्पन्न व्हावें म्हणून त्यांनीं केडगांव येथें आधींच जमीन घेऊन ठेवली होती. तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. ऐकणारें अंतःकरण व खर्चाचा विचार या दोहोंची येथें सांगड पडली.

निर्णय केल्यावरही सर्व वाट एकदम दिसेल असें नाहीं. पण पुढच्या पावलापुरता प्रकाश पुरतो. आणि पाऊल चुकलें तर मागें फिरण्यास प्रभु आडकाठी करीत नाहीं.

मननासाठीं प्रश्न
१. वडील मंडळींचा सल्ला रहबामास कां आवडला नसावा?
२. तुम्हांला "नको" म्हणूं शकेल असें कोण आहे? त्यास तुम्ही शेवटीं केव्हां विचारलें?
३. तुमच्या सध्यांच्या निर्णयाचें ओझें कोणाच्या मानेवर पडणार आहे?