प्रामाणिकपणा मोजता येतो काय?

‘तो मुलगा लबाड आहे,’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण प्रामाणिकपणा हा उंचीसारखा, माणसाबरोबर सर्वत्र जाणारा गुण आहे काय? ह्यू हार्टशोर्न व मार्क मे या अमेरिकन संशोधकांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांवर हे तपासले. त्यांचा ग्रंथ १९२८ साली निघाला.

त्यांची एक युक्ती पाहा. उत्तरपत्रिका गोळा करून त्यांची गुपचूप नक्कल ठेवायची. मग त्या मुलांना परत देऊन, बरोबर उत्तरे पुरवून, स्वतःच तपासायला सांगायचे. कोणी उत्तर बदलले, ते नकलेवरून कळे! (मुलांना अंधारात ठेवणारा असा प्रयोग आज सहजासहजी मान्य होणार नाही.)

इतर कसोट्या पैशांच्या व खेळांतील होत्या. आढळले असे, की उत्तरे बदलणारा मुलगा पैशांना हात लावीलच असे नव्हे. दोन कसोट्यांतील सहसंबंध सरासरी ०.२३ च्या आसपास होता. पूर्ण मेळ असता तर तो १ आला असता.

मग हा गुण नाहीच का? तसेही नाही. अनेक कसोट्या एकत्र धरल्या, की मुलामुलांतील फरक बराच टिकून राहतो, हे पुढील अभ्यासकांनी याच आकड्यांवरून दाखविले. तुमच्या वर्गातल्या त्या ‘लबाड’ मुलाला तुम्ही किती प्रसंगी पाहिले आहे?