चौरस्त्यावरील सुरक्षितता व बिनतारी संदेश

घर किंवा झाडी आड आल्यास आडव्या रस्त्याने येणारे वाहन चालकास दिसत नाही. यावर उपाय म्हणून योजलेल्या पद्धतीत प्रत्येक वाहन आपले स्थान, वेग व दिशा बिनतारी संदेशाने सेकंदास सुमारे १० वेळा कळविते. सुमारे ३०० मीटरांच्या आतील वाहनांतील यंत्रे तो संदेश घेऊन, टक्कर संभवत असल्यास चालकास इशारा देतात. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणून क्षणभर आधीचा इशाराही मोलाचा ठरतो. अमेरिकेतील ॲन आर्बर येथे २०१२ साली सुमारे २,८०० वाहनांवर या पद्धतीची चाचणी सुरू झाली. मात्र ज्यांच्यापाशी असे यंत्र नाही, त्या सायकलस्वाराची, बैलगाडीची वा पादचाऱ्याची वार्ता या संदेशांतून मिळत नाही. यास्तव चौरस्त्यावर वेग कमी करणे हे चालकाचे पहिले कर्तव्य होय.